पुंगळी पुन्हा भरताना

बार झाला की गोळी निघून जाते आणि पुंगळी मागे उरते. गुन्ह्याच्या बातमीत ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असे आपण वाचतो तीच ही पुंगळी. काडतुसाचे पितळी कवच म्हणजे पुंगळी. तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर असतो, पोटात दारू असते आणि तोंडात गोळी बसवलेली असते. घोडा ओढला की प्रायमर, दारू आणि गोळी खर्च होतात. पुंगळी मात्र शाबूत राहते, आणि बहुतेक वेळा काडतुसाच्या चार घटकांत तीच सर्वांत महाग असते.

म्हणूनच अमेरिकेतले अनेक शौकीन नेमबाज आणि शिकारी आपल्या पुंगळ्या वेचून घरी नेतात, साफ करतात आणि त्यांत नवा प्रायमर, दारू व गोळी भरतात. याला ते ‘रीलोडिंग’ म्हणतात. स्वतःच्या वापरापुरते असे भरायला तिथल्या केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. विकायचे असेल तर लागतो. या छंदावर तिथे एक अख्खा उद्योग उभा आहे. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३मध्ये सुरू केलेली ‘आरसीबीएस’ आणि नेब्रास्कातली ‘हॉर्नाडी’ ही त्यातली दोन ठळक नावे.

भरण्याआधी एक काम करावेच लागते. बार होताना पुंगळी फुगलेली असते, तिला पुन्हा मापात आणायचे. याला ‘रीसायझिंग’ म्हणतात. प्रेस नावाच्या हातयंत्रात पोलादी डाय, म्हणजे साचा, बसवायची, खाली पुंगळी अडकवायची, दांडा ओढायचा. अर्ध्या मिनिटाचे काम. एवढ्या वेळात तिचा आकार परत येतो. पण धातू पहिल्यासारखा राहत नाही. दर वेळी तो थोडा अधिक कडक होतो, एका ठरावीक जागी थोडा अधिक पातळ होतो, आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही. रीलोडिंगमधले निम्मे कौशल्य हा न दिसणारा हिशेब ठेवण्यात आहे.

पितळच का?

ब्रिटिश लष्कराचे अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांनी १८६६च्या सुमारास स्नायडर-एनफिल्ड रायफलीसाठी जे काडतूस तयार केले, त्याचे कवच पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून बनवले होते. पुढे मार्टिनी-हेन्री रायफलीलाही गुंडाळीचेच काडतूस होते. सुदानच्या मोहिमेत, १८८४-८५च्या सुमारास, वाळू, उष्णता आणि सलग गोळीबार यांत ही काडतुसे नळीत अडकू लागली. पुंगळी काढायला दांडा खाली ओढला की बूड हातात यायचे आणि उरलेला पत्रा आत राहायचा. त्यानंतर ब्रिटिशांनी अखंड, ओढून घडवलेल्या पितळी पुंगळीकडे मोर्चा वळवला. आज जगात बहुतेक ठिकाणी तीच वापरतात.

या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. जस्ताचे प्रमाण साधारण ३५ टक्क्यांच्या आत राहिले तर मिश्रणातले स्फटिक एकाच जातीचे राहतात आणि धातू न फाटता खूप ताणला जातो. कारखान्यात आधी जाड पत्र्यातून चकती कापतात, तिची वाटी करतात, मग ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून नळकांडे लांब करतात. दर टप्प्यावर पितळ कडक होते, म्हणून मधूनमधून ते भट्टीत तापवून मऊ करावे लागते. पुण्याच्या तांबट आळीत भांडे घडताना हेच घडते. ठोकून ठोकून पत्रा ताठर झाला की कारागीर तो आगीत लाल करतो, मऊ झाला की पुन्हा हातोडा घेतो, आणि शेवटचे मठारकाम मात्र न तापवता करतो, कारण त्या ठोक्यांनीच भांड्याला कणखरपणा येतो.

पुंगळीतही शेवटी हाच भेद मुद्दाम ठेवलेला असतो. बुडावर जोरदार ठोका देऊन ते कडक करतात, कारण प्रायमरची खाच तिथे असते आणि पुंगळी ओढून काढणारे रायफलीचे नख तिथेच अडकते. तोंडाकडे पुंगळी निमुळती होते तो खांदा आणि त्यापुढची गोळी धरणारी मान घडवून झाल्यावर तेवढाच भाग तापवून मऊ ठेवतात. अमेरिकी लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो तो याच तापवण्याचा डाग. बाजारात विकायच्या मालावरून तो बहुधा घासून काढतात, लष्करी मालावर तसाच ठेवतात. म्हणजे अवघ्या पाच सेंटिमीटर लांबीच्या एका तुकड्यात पितळेची कठीण, मध्यम आणि मऊ अशी तीन रूपे असतात.

बार होताना काय घडते

उदाहरणाला ‘पॉइंट थ्री झीरो एट विंचेस्टर’ हे काडतूस घेऊ. ते १९५२मध्ये बाजारात आले आणि त्याचेच लष्करी भावंड, ७.६२×५१, ‘नाटो’ देशांनी १९५४मध्ये स्वीकारले. अमेरिकी उत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेने या काडतुसासाठी कमाल दाब ठरवला आहे ६२,००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ४,२०० वातावरणांइतका. समुद्राच्या सर्वांत खोल तळाशी असलेल्या दाबाच्या हा जवळजवळ चौपट आहे.

एवढा दाब एकटे पितळ सोसू शकत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे. तो भार चेंबरने, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोलादी पोकळीने, उचलायचा असतो. पुंगळी आणि चेंबर यांच्यात मुळात काडतूस सहज आत जावे म्हणून जरा फट ठेवलेली असते. दारू पेटली की पुंगळीच्या भिंती फुगून चेंबरला घट्ट चिकटतात आणि वायूला मागे यायची वाट बंद करतात. नेमबाजाच्या डोळ्यांपासून काही इंचांवर हा सगळा प्रकार चालतो, तरी त्याच्या तोंडावर झळ येत नाही ती या चिकटण्यामुळे. गोळी नळीबाहेर पडली की दाब उतरतो. पोलाद तत्क्षणी मूळ मापावर येते. पितळही मागे सरकते, पण पूर्ण नाही.

इथे पितळेचा लवचीकपणा किती, हे महत्त्वाचे ठरते. कडक केलेले पितळ साधारण ०.४ टक्के ताणापर्यंत मूळ मापावर परतू शकते. बारा मिलिमीटर व्यासावर हे होते सुमारे ०.०५ मिलिमीटर. पूर्ण मऊ पितळ याच्या चौथ्या हिश्श्याइतकेच मागे येते. ही अर्ध्या दशांशाची माघार मिळाली तर पुंगळी चेंबरच्या भिंतीपासून सुटते आणि चेंबर मागून बंद करणारा बोल्ट हलक्या हाताने मागे येतो. ती मिळाली नाही तर पुंगळी आत घट्ट बसते. पोलाद सुमारे दुप्पट ताठ आहे, त्याची माघार पितळेपेक्षा कमी; दोन्हींतला हा फरक आहे म्हणून तर रायफलीची पुढची फैर शक्य होते.

या सगळ्यानंतर पुंगळी बाहेर येते तेव्हा तिचे माप त्या चेंबरच्या मापाच्या अगदी जवळचे असते. त्याच रायफलीत ती कदाचित पुन्हा जाईलही. पण तिची मान सैल झालेली असते, नवी गोळी तिच्यात धरून राहत नाही; आणि दुसऱ्या रायफलीत तर ती बसेलच असे नाही.

डायच्या आत

फुल-लेंग्थ डाय म्हणजे आतून काडतुसाच्या आकाराची, पण त्याहून किंचित अरुंद कोरलेली कडक पोलादी नळी. अरुंद कशासाठी? पितळ इथेही दाबानंतर थोडे परत फुगते, म्हणून हवे त्याहून जरा जास्त दाबावे लागते. डायच्या मधोमध एक दांडी असते. तिच्या टोकाची पिन आधी जुना प्रायमर खाली ढकलून पाडते. पुंगळी वर जाताना डाय तिचे पोट, खांदा आणि मान आवळते. पुंगळी खाली येताना दांडीवरचा गोल मणी मानेतून ओढला जातो आणि तिला आतून नेमके माप देतो. मानेचे आतले माप गोळीच्या व्यासापेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांश भागाने कमी ठेवतात. एवढ्या पकडीवर गोळी धरून राहते.

वंगणाशिवाय हे काम होत नाही. लॅनोलिनचे किंवा मेणाचे पातळ बोट पुंगळीच्या पोटावर फिरवायचे. कमी झाले तर दांडा अर्ध्यावर अडतो आणि नवशिका जोर लावतो. मग प्रेसच्या पकडीतून पुंगळीची कड तुटते, पुंगळी डायमध्येच राहते, आणि तिच्या बुडाला भोक पाडून, आटे कापून, बोल्टने ती ओढून काढावी लागते. वंगण जास्त झाले तर ते खांद्याच्या कोपऱ्यात साचते. द्रव दबत नाही. त्यामुळे खांद्यावर तिथे छोटे खळगे पडतात. हे खळगे पुढच्या बारात बहुधा सरळ होतात, पण हात अजून बसलेला नाही हे ते सांगतात.

आवळलेले पितळ कुठे तरी जाणारच. ते पुढे सरकते आणि मान लांबते. थ्री झीरो एटची पुंगळी जास्तीत जास्त २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिलिमीटर चालते. त्यापुढे गेली तर मानेचे टोक चेंबरच्या पुढच्या गळ्यात घुसते, गोळीला चिमटा बसतो, ती सुटताना अडते आणि दाब धोक्याच्या पलीकडे जाऊ शकतो. म्हणून दर वेळी कॅलिपरने लांबी बघायची, वाढली असेल तर छाटायची आणि तोंडाची धार आतून-बाहेरून मोडायची.

खांद्याचे गणित

रीसायझिंगमधली सर्वांत महागात पडणारी चूक खांद्याशी होते. थ्री झीरो एटसारखी कड बाहेर न आलेली काडतुसे चेंबरमध्ये खांद्यावर टेकतात. बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यावरच्या ठरावीक रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे हेडस्पेस. रायफल तपासायचे दोन गेज असतात: १.६३० इंचांच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, १.६३४ इंचांच्या गेजवर तो होता कामा नये. दोन्हींत फरक अवघा ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढा.

आता डाय गरजेपेक्षा खाली बसवली आणि खांदा जास्त मागे ढकलला गेला, तर काय होते ते पाहा. फायरिंग पिनचा ठोका पुंगळीला पुढे ढकलतो. दाब चढताच पुढच्या पातळ भिंती चेंबरला चिकटून जागच्या जागी राहतात. मागचे जाड बूड मात्र दाबाने बोल्टवर आदळेपर्यंत मागे सरते. हा सगळा ताण बुडाच्या थोड्या वर, जिथे जाड धातू संपून पातळ भिंत सुरू होते तिथे, येतो आणि तेवढाच पट्टा ताणून पातळ होतो. पुढच्या वेळी रीसायझिंगमध्ये खांदा पुन्हा मागे, पुढच्या बारात तोच पट्टा पुन्हा ताणलेला. काही फेऱ्यांनी पुंगळी तिथून तुटते. बूड बाहेर येते, उरलेला भाग चेंबरमध्ये अडकतो, आणि नशीब वाईट असेल तर वायू मागे फुटतो.

हे आधी ओळखायची खूण आहे. बाहेरून त्या जागी एक उजळ कडे दिसू लागते. पण खरी तपासणी आतून होते. कागदाची क्लिप सरळ करायची, तिचे टोक काटकोनात वाकवून टोकदार करायचे आणि पुंगळीच्या आत भिंतीला टेकवून बुडाकडून वर हळूच ओढायचे. निरोगी पुंगळीत टोक गुळगुळीत सरकते. आजारी पुंगळीत ते एका खोलगट चरात पडते आणि बोटाला तो अडखळा लागतो. त्यानंतर त्या पुंगळीचा विचार करायचा नसतो.

म्हणून जाणकार डाय पूर्ण खाली बसवत नाहीत. आपल्या रायफलीतून निघालेल्या पुंगळीचा खांदा मोजतात आणि बोल्ट-ॲक्शन रायफलीसाठी तो इंचाचा एक-दोन हजारांशच मागे येईल एवढीच डाय फिरवतात. स्वयंचलित रायफलीसाठी थोडी जास्त मोकळीक ठेवतात, कारण तिथे काडतूस झटकन आणि दर वेळी आत जायला हवे.

आपल्याकडच्या पोलिसांच्या हाती अनेक दशके राहिलेली ‘थ्री नॉट थ्री’ या बाबतीत मोठी शिकवणारी आहे. हे काडतूस १८८८मध्ये आले. त्याची कड बाहेर निघालेली आहे आणि ते चेंबरमध्ये खांद्यावर नाही तर कडेवर टेकते. ली-एनफिल्ड रायफलीचे चेंबर चिखल-धुळीतही काडतूस आत जावे म्हणून पुढे ऐसपैस ठेवलेले आणि तिचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे बार होताना तो किंचित दबतो. लढाईत पुंगळी एकदाच वापरायची, म्हणून लष्कराला याने काही बिघडले नाही. पुन्हा भरणाऱ्याला मात्र या रायफलीच्या पुंगळ्या बुडाजवळ लवकर तुटण्याचा त्रास होतो. त्यावर उपाय असा की पूर्ण पुंगळी न आवळता फक्त मान आवळायची, म्हणजे पुढच्या वेळी ती फुगलेल्या खांद्यावर टेकते आणि मागचा पट्टा ताणला जात नाही. डायचा थोडा कमी वापर केल्याने पुंगळीचे आयुष्य वाढते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

मान का तडकते

मानेची कहाणी वेगळी. ती बारात फुगते, डायमध्ये आवळली जाते, मण्याने पुन्हा ताणली जाते. दर फेरीत ती कडक होते. कडक मान डायनंतर जास्त परत फुगते, त्यामुळे पहिल्यांदा भरलेल्या आणि पाचव्यांदा भरलेल्या पुंगळीत गोळीची पकड सारखी राहत नाही, आणि नेमही सारखा राहत नाही. शेवटी मानेवर उभी चीर जाते. म्हणून स्पर्धेतले नेमबाज काही फेऱ्यांनी मान तापवून मऊ करतात. जुनी रीत अशी: ताटलीत बुडे बुडतील एवढे पाणी, त्यात पुंगळ्या उभ्या, बर्नरची ज्योत मानेवर फिरवायची आणि रंग बदलला की पुंगळी पाण्यात आडवी करायची. पाण्यात टाकल्याने पितळ पोलादासारखे कडक होत नाही. पाण्याचे काम इतकेच, की उष्णता बुडापर्यंत पोचू नये. बूड मऊ झाले तर ती पुंगळी बॉम्बच होते.

तडकण्याचे आणखी एक कारण भारतातल्या काडतुसांवरून सापडले. ब्रिटिश फौजेची काडतुसे इथे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असायची आणि एकही बार न होता त्यांच्या पितळेला चिरा जायच्या. एच. मूर, एस. बेकिन्सेल आणि सी. ई. मॅलिन्सन यांनी १९२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा उलगडा झाला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेतल्या तांब्याला विरघळवत होता. पण एवढ्याने चीर जात नाही. पुंगळी थंड अवस्थेत ओढून घडवल्यामुळे तिच्या धातूत ताण आधीच कोंडलेला होता, आणि जिथे तो ताण होता तिथेच अमोनियाने फट पाडली. उपाय निघाला तो असा, की घडवून झाल्यावर पुंगळी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत हलकी तापवायची, म्हणजे तिचा कडकपणा राहतो आणि कोंडलेला ताण निघून जातो. ‘सीझन क्रॅकिंग’ नावाने हा प्रकार आज धातुशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत आहे.

घरी पुंगळी भरणाऱ्याला याचा थेट धडा आहे. डायमधून निघालेल्या मानेत ताण असतो, आणि गोळी बसवल्यावर ती मान वर्षानुवर्षे ताणलेलीच राहते. म्हणून ब्रासोसारख्या, परंपरेने अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळी चकचकीत करू नये असे जाणकार बजावतात. त्याऐवजी मक्याच्या कणसांचा किंवा अक्रोडाच्या कवचांचा भरडा भरलेल्या भांड्यात पुंगळ्या फिरवतात. चमक थोडी कमी आली तरी चालते.

आकड्यांची वही

आपल्याकडे हा छंद घरी करता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९नुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. महाराष्ट्रात पितळ, दारू आणि डाय यांची गाठ पडते ती खडकीच्या १८६९पासूनच्या दारूगोळा कारखान्यात आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला. सैन्य आणि पोलीस सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा करतात.

जिथे तो छंद चालतो, तिथे अनुभवी माणसाच्या टेबलावर प्रेसइतकीच महत्त्वाची एक वही असते. एका खोक्यातल्या पुंगळ्या एकत्रच वापरायच्या, कितव्यांदा भरल्या ते लिहायचे, लांबी कितीदा छाटली आणि मान कधी तापवली तेही लिहायचे. कारण यातल्या काही गोष्टी भरून येतात आणि काही येत नाहीत. कडक झालेली मान आगीने पुन्हा मऊ होते. लांबलेली मान छाटता येते. फुगलेले पोट डाय आवळते. पण बुडाजवळच्या त्या पट्ट्यातून पुढे वाहून गेलेला धातू कोणत्याही अवजाराने परत येत नाही. क्लिपचे टोक तिथे अडखळले की पुंगळीचे तोंड पकडीने चेपून टाकायचे, म्हणजे चुकून कुणी ती पुन्हा भरणार नाही, आणि भंगारात द्यायची. भट्टीत वितळल्यावर त्या पितळेचा सगळा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.